लाइट असतानाच जाणारं नेट

आमच्या धंद्यात खूश गिऱ्हाईक ओळखायची एकच खूण आहे: ते फोन करत नाही. महिनोन् महिने ज्याचं नाव आठवतही नाही, त्याच्याकडे सगळं झकास चाललंय असं समजायचं. आणि ज्याचं नाव सकाळी चहाच्या आधीच मोबाइलवर झळकतं, त्याच्या घरी काहीतरी बंद पडलेलं असतं. त्यामुळे या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या चांगल्या गिऱ्हाइकांबद्दल लिहा" म्हटलं तेव्हा माझी पंचाईत झाली. चांगली गिऱ्हाइकं मला आठवतच नाहीत. मी लिहितो ते दुसऱ्यांबद्दल.

मी युसूफ. कारंज्यात माझं छोटं दुकान आहे. आधी रेडिओ आणि टेप, मग टीव्ही, मग केबल, आता घरोघरी नेट. पाटीचा पत्रा तोच आहे, त्यावरची अक्षरं तेवढी दर काही वर्षांनी खरवडून नव्याने रंगवली. साठी ओलांडली, शिडी चढताना गुडघे कुरकुरतात, पण शिडी अजून दुसऱ्या कोणाला देववत नाही. माझी बायको नसीमा म्हणते, तुम्ही माणसांपेक्षा खांबांशी जास्त बोलता. खोटं नाही. खांब उलटून बोलत नाहीत.

ज्यांना या कामातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात नेट येतं ते काचेच्या बारीक तारेतून. ती तार भिंतीवरच्या एका डब्यात शिरते आणि तिथून वायफाय घरभर पसरतं. या डब्याला बारा व्होल्ट पुरतात, मोटरसायकलच्या बॅटरीएवढे. भिंतीतल्या दोनशे तीसचे बारा करायचं काम मधला अडॅप्टर करतो. लाइट गेली की अडॅप्टर थंड, डबा थंड, आणि घरातले गरम.

"आमच्याकडे इन्व्हर्टर आहे" असं छाती पुढे काढून सांगणारे पुष्कळ भेटतात. इन्व्हर्टर चांगलीच वस्तू आहे. पण लाइट जाणं आणि इन्व्हर्टर लागणं यांच्यामध्ये पापणी लवेल एवढा वेळ जातो. पंख्याला तो कळत नाही. बल्ब नुसता डोळा मारतो. नेटचा डबा मात्र तेवढ्यात झोपून जातो आणि मग पहिल्यापासून उठतो. उठणार, आळस देणार, तोंड धुणार आणि दोन-तीन मिनिटांनी कामाला लागणार. सिनेमा बघणाऱ्याला ही तीन मिनिटं काहीच नाहीत. ज्याचं पोट त्या डब्यावर आहे त्याला ती फार लांब वाटतात.

त्यावर उपाय म्हणजे छोटा यूपीएस. साबणाच्या दोन वड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर होईल एवढं खोकं. ते अडॅप्टर आणि डबा यांच्या मध्ये बसतं. लाइट असेल तेव्हा स्वतः भरून राहतं, लाइट गेली की पापणीसुद्धा न लवू देता स्वतःमधलं देऊ लागतं. तीन-चार तास सहज निघतात. आमच्या भागात लाइट जाते हा अर्धाच प्रश्न आहे, ती येते कशी हा उरलेला अर्धा. शेतातल्या मोटरी एकदम बंद झाल्या की गावातला बल्ब लग्नातल्या हॅलोजनसारखा पेटतो, आणि त्या झटक्यात अडॅप्टर जळतात. म्हणून मी खोक्याच्या आधी झटका अडवणारा एक प्लगही बसवतो. झालं, एवढंच माझं शास्त्र.

बसवायला वीस मिनिटं लागतात. बसवल्यानंतर लोक त्याचं काय करतील हे मात्र कोणत्याच कागदावर छापलेलं नसतं.

पोहरादेवीला शेषराव म्हणून एक गिऱ्हाईक आहे. नारळ-प्रसादाचं दुकान. यात्रेच्या गर्दीत लाइट जाते, नेट जातं, आणि मोबाइलवरून पैसे देणारे भाविक हातात नारळ घेऊन तिष्ठत उभे राहतात, म्हणून त्याने खोकं घेतलं. यात्रेच्या पहिल्याच दिवशी त्याचा फोन: खोकं अर्ध्या तासात बंद पडतं. गर्दीतून वाट काढत पोचलो तर दुकानात देवीच्या फोटोभोवती रंगीत दिव्यांची माळ लुकलुकत होती, गल्ल्यावर एक चिमुकला पंखा गरगरत होता, आणि दोन्हींच्या तारा माझ्या खोक्यात खुपसलेल्या होत्या.

"शेषराव, हे काय करून ठेवलं?"

"काहून? त्याच्यावर बारा व्होल्ट लिहेल होतं. माळ बी बारा व्होल्टची, पंखा बी बारा व्होल्टचा. मी वाचूनच लावलं नं बावा."

माणूस वाचून चूक करतो तेव्हा त्याला काय सांगायचं? मी समजावलं की एका भाकरीवर तिघं जेवायला बसले तर तिघंही उपाशी उठतात. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, पंखा काढला, आणि माळेकडे बघून म्हणाला, "हे काई काढत नाई मी. तुमी दुसरं खोकं द्या." अजूनही त्याच्याकडे दोन खोकी आहेत. एक नेटचं आणि एक देवीचं. देवीचं खोकं आजवर एकदाही बिघडलेलं नाही.

धनजचे एक निवृत्त मुख्याध्यापक वेगळ्या वळणाचे. डबा आणि खोकं बसवून आलो आणि दोनच दिवसांनी त्यांची तक्रार, की बैठकीतसुद्धा रेंज नाही. जाऊन बघतो तर भिंतीवर नुसते खिळे. गुरुजींनी सगळा संसार उचलून लोखंडी कपाटात ठेवला होता, मागच्या पत्र्याला तारेपुरतं भोक पाडून, आणि वर कुलूप.

"महागाची वस्तू आहे. उघड्यावर कशी ठेवायची?" गुरुजींचा प्रश्न बरोबर होता. लोखंडातून वायफाय बाहेर येत नाही हे माझं उत्तरही बरोबर होतं. त्यावर गुरुजींनी शाळेत काढायचे तसा तोडगा काढला. कपाटाच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं: सकाळी सात ते नऊ दार उघडं, संध्याकाळी सहा ते आठ दार उघडं. घरच्यांनी महिनाभर ते पाळलंही. मग जावई मुक्कामाला आले, आणि जावयापुढे वेळापत्रक चालेना, तेव्हा डबा पुन्हा भिंतीवर गेला.

दसऱ्याचं तर विचारूच नका. खंडेनवमीला आमच्याकडे चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते, आणि मला त्याचं कौतुकच आहे, पूजा होते म्हणजे वस्तूची किंमत कळते. पण कारंज्यातल्या एका कापडवाल्या शेटजींनी पळीभर पाणी थेट खोक्यावर सोडलं आणि चार्जिंगच्या भोकात बोट दाबून कुंकू भरलं. ते खोकं मी उघडलं तेव्हा आत इतकी लाली होती की कुंकवाचा करंडाच उघडल्यासारखं वाटलं. आता दरवर्षी दसऱ्याच्या आधी शेटजींना फोन करतो. पूजा करा, फूल वाहा, पाणी तेवढं जमिनीवर सोडा.

हे सगळे किस्से हसून सांगायचे. पण ज्यात मीच तोंडघशी पडलो तो इंझोरीचा.

इंझोरीतला गजानन माझ्या जुन्या ओळखीचा. सोयाबीन आणि तूर करतो, माणूस सरळ. त्याची बायको अर्चना लग्नाआधीपासून पुण्यात एका कंपनीत होती. कानाला हेडफोन लावून बसायचं, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, त्यांचं गाऱ्हाणं ऐकायचं आणि सोडवायचं. म्हणजे माझंच काम, फक्त शिडीशिवाय. कंपनीने तिला घरून काम करायची मुभा दिली तेव्हा ती सासरी येऊन राहिली. तीन वर्षांची मुलगी, नवरा, सासू, आणि आतल्या खोलीत एक टेबल. गावात राहून पुण्याची नोकरी करणारी ती इंझोरीतली पहिलीच सून असावी. तिचा डबा मी बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर बसवला, खाली खोकं ठेवलं, गजाननला सगळं नीट समजावून सांगितलं आणि आलो.

दोन महिने फोन नाही. मी तिचं नाव विसरलो, म्हणजे सगळं ठीक होतं.

मग एक दिवस अर्चनाचा फोन आला. "चाचा, एक विचित्रच गोष्ट होऊन राह्यली. लाइट असली की नेट जाते."

"लाइट गेली की जाते म्हणतेस?"

"नाई नं! लाइट गेली त काई होत नाई. लाइट चालू असते, पंखा चालू असतो, अन् दुपारून एकदम नेट बंद. मी उठून बाहेर येईपर्यंत डब्याचे दिवे पुन्हा लुकलुकाले लागते."

इतक्या वर्षांत अशी तक्रार मी ऐकली नव्हती. लाइट गेल्यावर नेट जाणं ही तक्रार, लाइट असताना नेट जाणं हा चमत्कार. मी गेलो, खोकं बदललं. चार दिवसांनी पुन्हा तेच. तारेचं टोक नव्याने जोडलं. पुन्हा तेच. इंझोरीत वानरांचा सुळसुळाट आहे आणि तारेवर झोके घ्यायला त्यांना आवडतं, म्हणून मी सगळा दोष वानरांवर टाकला आणि रस्त्यापासून घरापर्यंतची तार दुसऱ्या बाजूने फिरवून घेतली. भर उन्हात सहा खांब चढलो. खाली उतरल्यावर अर्चनाच्या सासूबाईंनी, कमलाबाईंनी, ताक दिलं आणि म्हणाल्या, "वानरायचं काई खरं नाई भाऊ, आमच्या संत्र्याच्या झाडावर बी येतात." आम्ही दोघांनी मिळून वानरांना चांगल्या शिव्या दिल्या.

तार फिरवल्यावर चार दिवस नेट एकदाही गेलं नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पाचव्या दिवशी दुपारी पुन्हा गेलं. त्या चार दिवसांत कमलाबाई लेकीकडे गेल्या होत्या. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, कारण मधे एकदा तार तपासायला गेलो तेव्हा ताक मिळालं नव्हतं. पण त्याचा डब्याशी काही संबंध असेल हे डोक्यात कसं यावं?

त्या संध्याकाळी अर्चनाने पुन्हा फोन केला. आवाज बसलेला होता. नेट गेलं की तिचा चालू फोन मध्येच तुटतो आणि कंपनीत तिच्या नावापुढे खूण होते. खुणा फार झाल्या होत्या. शुक्रवारी तिच्या मॅडम व्हिडिओवर बोलणार होत्या. गावातून काम जमत नसेल तर पुण्याला येऊन बस, नाहीतर सोड, असं आधीच कळवून झालं होतं.

"पुण्याले गेली त पोरगी कोणाजवळ ठेवू चाचा? अन् शेत सोडून हे येतील का? अन् सोडून देली त..." नोकरी तिने स्वतः मिळवलेली होती, आणि ती तिला किती प्रिय आहे हे त्या न बोललेल्या वाक्यात मला ऐकू आलं. मग तिने बजावलं, "घरी काई सांगजा नका. आईले माहीत झालं त म्हनतील, सोड म्हना थे काम, घरी काय कमी हाये."

मला राग आला, तो स्वतःवर. तीन-तीनदा जाऊन मी वस्तू बदलत होतो, पण बिघाड होताना एकदाही पाहिला नव्हता. दुरुस्ती करणाऱ्याने पहिली गोष्ट ही करायची असते. रेडिओच्या काळात मी खरखरणारा रेडिओ तासभर नुसता ऐकत बसायचो, मगच पेचकस हातात घ्यायचो. आता फोनवर ऐकतो, अंदाज बांधतो आणि वस्तू बदलून देतो. म्हातारपणी आलेली ही घाई.

बुधवारी सकाळी नऊलाच इंझोरी गाठली. गजानन शेतात निघून गेला होता. अर्चना आतल्या खोलीत दार लावून कामाला बसली होती. मी कमलाबाईंना म्हटलं, "वहिनी, आज मी इथंच बसतो. नेट कसं जाते थे डोळ्यानं पाहतो."

"बसा नं बावा. चहा मांडते."

मी खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि डब्याच्या दिव्यांवर नजर लावली. खोक्यावर लाल दिवा होता, म्हणजे ते भरत होतं. नात अंगणात खेळत होती. दहा वाजले, साडेदहा झाले. खोक्यावरचा लाल दिवा जाऊन हिरवा लागला. कमलाबाई चहा घेऊन आल्या, कप माझ्या हातात दिला, खोक्याकडे एक नजर टाकली, आणि टीव्हीच्या मागे हात घालून बोर्डाचं बटन टक्‌कन बंद केलं. मग पदराने खोक्यावरची धूळ पुसली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

माझा चहा तोंडापाशीच थांबला.

"वहिनी, बटन कायले बंद केलं?"

"भरलं नं थे. हिरवा लाइट लागला."

"मंग?"

"मंग काय! भरल्यावर चालूच ठेवलं त बॅटरी फुगते. गेल्या महिन्यात माह्या मोबाइलची फुगली होती, पाठीमागचं झाकणच निघालं. तवा दुकानवाल्यानं सांगतलं, हिरवा लाइट लागला की काढून घेत जा बाई, नाईतर एखाद्या दिवशी फुटन. तवापासून ध्यान ठेवतो आमी."

"अन् दुपारून डबा बंद पडते तवा?"

"तवा लगेच बटन लावून देतो. सरलं की भरा लागते, भरलं की काढा लागते." त्यांना माझी कीव आली असावी. एवढा मोठा मिस्त्री आणि एवढंसुद्धा माहीत नाही. "सूनबाईच्या पोटापान्याचं खोकं हाये भाऊ. जपा लागते. घरात बाकी कोनाचं ध्यान नाई, मीच ठेवतो. एक दिवस चुकत नाई."

खरंच चुकल्या नव्हत्या. रोज सकाळी त्या खोकं भरू देत, भरलं की बटन बंद करत. मग डबा बिचारा लाइट असूनही बॅटरीवर चाले. तीन-चार तासांनी बॅटरी संपे, डबा मरे, अर्चनाचा फोन तुटे, कमलाबाई धावत येऊन बटन लावत, आणि अर्चना दार उघडून बाहेर येईपर्यंत सगळं पुन्हा सुरू झालेलं असे. मधल्या वेळात लाइट गेलीच तर डब्याला कळायचंसुद्धा नाही, कारण तो आधीच बॅटरीवर. चमत्कार उलगडला. वानरांची मी मनोमन माफी मागितली.

आधी मला हसू फुटलं. मग कमलाबाईंचा चेहरा पाहून ते आतच राहिलं. मी उठून बटन लावलं आणि त्यांना सांगितलं, की मोबाइल भरून हातात घेऊन फिरायचा असतो, या खोक्याने जागेवर बसून पहारा द्यायचा असतो. भरलं की आतल्या आत ते स्वतःच घेणं थांबवतं, त्याला फुगायची भीती नाही, बटन कायम चालू हवं.

त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे दुपारचं नेट मीच बंद करत होती?"

मी होकारार्थी मान हलवली.

"थे बंद पडलं की सूनबाईले काई तरास होते का?"

आता खोटं बोलायला हवं होतं, आणि मला पटकन सुचलं नाही. अर्चनाने बजावलेलं विसरून मी सगळं सांगून बसलो: खुणा, मॅडम, शुक्रवार, पुणं. कमलाबाई ऐकत गेल्या आणि हळूहळू खुर्चीतून खाली जमिनीवर येऊन बसल्या.

"मले कोनीच काई सांगतलं नाई," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मला लागलं. कारण सांगायचं काम माझंच होतं. इतकी वर्षं मी खोकं समजावून सांगत आलो ते ज्याने विकत घेतलं त्याला. गजाननने मान डोलावली आणि शेतात गेला. दिवसभर ज्या बाईच्या नजरेसमोर ते खोकं असणार होतं, तिला मी काय सांगितलं होतं? चहात साखर कमी टाका, एवढंच. आणि शेषरावच्या माळेला, गुरुजींच्या कपाटाला मी आजवर गावभर हसत होतो.

मी त्यांना म्हटलं, "वहिनी, तुमी बिलकुल मनाले लावून घेऊ नका. मी अर्चनाले सांगतो, अडॅप्टर खराब होता, बदलून देल्ला. विषय मिटला. अन् पाहिजे त हे बटनच काढून टाकतो, तार थेट जोडून देतो."

"बटन राहू द्या," त्या ताठ आवाजात म्हणाल्या. "आता समजलं मले. मले लहान लेकरावानी नका समजू."

अर्चना जेवायला बाहेर आली तेव्हा मी ठरल्याप्रमाणे अडॅप्टरची कहाणी सांगितली. अगदी रंगवून. आतली पट्टी कशी तापते, दुपारच्या उन्हाने कशी सैल होते. कमलाबाई भाकऱ्या थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. परतताना गाडीवर मी स्वतःवर बराच खूश होतो. एक संसार वाचवला, सासू-सुनेतलं भांडण टाळलं, आणि तेही फुकटात. नसीमाला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला विचारलं होतं का कोणी?" मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

गुरुवार शांत गेला. शुक्रवारी मी मुद्दाम कारंज्याबाहेरचं काम घेतलं नाही. फोन समोर ठेवून बसलो. माझ्या कामावर कोणाची नोकरी टांगलेली आहे हे कळलं की दुसरं काही सुचत नाही. दुपार गेली, फोन नाही. आमच्या धंद्यात फोन न येणं म्हणजे सगळं ठीक, असं मी दिवसभर स्वतःला सांगितलं, आणि त्या दिवशी त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

फोन आला शनिवारी सकाळी. अर्चना आधी हसतच सुटली. मग म्हणाली, "चाचा, अडॅप्टरची पट्टी उन्हानं सैल होते म्हने?"

माझी चोरी पकडली गेली होती.

"आईनं बुधवारीच सांगतलं मले, तुमी गेल्यावर. मी जेवत होती, त माह्यासमोर बसल्या अन् म्हने, युसूफभाऊ चांगला माणूस हाये, पन खोटं बोलून राह्यला. बटन मी बंद करत होती."

मग तिने शुक्रवारचं सांगितलं. मॅडम व्हिडिओवर आल्या, सोबत खुणांची यादी होती. अर्चनाने सांगून पाहिलं की बिघाड सापडला, आता तसं होणार नाही. मॅडमचा सूर थंड होता. असं सगळेच म्हणतात, गावात लाइटचा भरवसा नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच होईल. तेवढ्यात दार ढकलून कमलाबाई आत आल्या. डोक्यावर पदर घेतलेला. सुनेला थोडं बाजूला सरकवून थेट कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, मी हिची सासू. नेट ही नाई बंद करत होती, मी करत होती. मले समजलं नव्हतं, आता समजलं. माह्या चुकीसाठी तिले काहून काढता?"

मॅडम गोंधळल्या. काकू तसं नाही, म्हणाल्या, प्रश्न लाइटचा आहे, उद्या लाइट गेली तर काय कराल.

"उद्या कायले?" कमलाबाई म्हणाल्या. "थांबा जराक."

आणि तरातरा बाहेर जाऊन त्यांनी घराचा मेन स्विच पाडला.

"चाचा, मले वाटलं, आता गेली नोकरी," अर्चना सांगत होती. मी लगेच मनात हिशेब करू लागलो: ते बदललेलं खोकं, सकाळपासून भरलेलं असेल ना, जोड घट्ट दाबला होता ना? कारण इतक्या वर्षांत माझ्या कामाची अशी परीक्षा कोणी घेतली नव्हती, तीही नोकरी पणाला लावून, आणि मला न विचारता. खोलीतला दिवा विझला. डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. इन्व्हर्टर त्या घरात नाहीच. लॅपटॉपच्या उजेडात कमलाबाई परत आल्या आणि वाकून पडद्याकडे बघू लागल्या.

"मॅडम, पुऱ्या घराची लाइट बंद केली मी. दिसून राह्यली का मी तुमाले?"

"दिसताय काकू."

"आवाज येते?"

"येतोय. स्पष्ट येतोय." आणि पहिल्यांदाच मॅडम हसल्या, असं अर्चना म्हणाली. पुण्यात, त्यांच्या एसीच्या खोलीत. त्यांना दिसत होतं की समोरच्या बाईच्या कपाळावरून घामाची धार लागली आहे, आणि ती हलायला तयार नाही.

"बरं काकू, कळलं मला," मॅडम म्हणाल्या. "आता लाइट लावा बघू. किती उकडतंय तिकडे, पंखा तरी सुरू करा."

"पंखा राहू द्या मॅडम," कमलाबाई म्हणाल्या. "आधी तिच्या नोकरीचं सांगा."

मॅडमनी सांगितलं, नोकरी राहील, इंझोरीतूनच. मगच कमलाबाईंनी जाऊन मेन स्विच वर केला.